नानांच्या खिशातला चष्मा

आमच्या घरातून गुलाबाचा वास कधी गेलाच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, काय भाग्य. पण भाकरीला तोच वास, गोधडीला तोच, आजारी माणसाच्या अंगालाही तोच, असं झालं की त्याचं कौतुक राहत नाही. मखमलाबादच्या वाटेवर आमचा मळा होता. उजाडायच्या आधी कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून पाट्या भरायच्या, आणि दिवस वर यायच्या आत नाना सायकलला पाट्या बांधून फुलबाजारात निघायचे. नाना म्हणजे माझे थोरले काका. घर त्यांच्या शब्दावर चालायचं. माझे वडील, आप्पा, नाना समोर असले तर खाटेवर टेकतसुद्धा नसत. आईचा मुक्काम चुलीशी. आणि मागच्या पडवीत गोदाआत्या. ती नाना-आप्पांची बहीण, लहानपणीच विधवा होऊन परत आलेली. बाजारात न गेलेल्या फुलांच्या पाकळ्या ती पातेल्यात पाण्यावर ठेवायची, मधोमध वाटी, वर उलटं झाकण आणि झाकणावर गार पाणी. मंद जाळावर आत थेंब पडत राहायचे. दुपारी घर निजलं की तेवढाच आवाज ऐकू यायचा. ते गुलाबपाणी आमच्याकडे डोळ्यांचं एकमेव औषध होतं. धूर गेला, कचरा गेला, जागरण झालं, आत्या पापणी वर करून दोन थेंब सोडायची आणि म्हणायची, "थंड पडलं का नाय?" पडायचंच.

मी चौथीपर्यंत शिकले. चौथीनंतर माझी शाळा सुटली, ती घरच्यांनी सोडवली असं नाही म्हणता येणार. मास्तरांनीच आप्पांना बोलावून सांगितलं, की पोरगी मंद आहे, फळ्यावरचं एक अक्षर तिला उतरवता येत नाही, उगीच जागा अडवते. मी उंच म्हणून मला शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसवलेलं. तिथून मला फळा दिसायचा, काळा, चौकोनी. त्यावर काही लिहिलेलं असतं हे मला ठाऊक होतं, पण ते सगळ्यांना तिथूनच वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, हुशार मुलांना ते आधीच पाठ असतं. पुस्तक नाकाशी धरून मी धडधड वाचत होते, सुईत दोरा ओवत होते, गजरा गुंफताना माझ्याइतका बारीक टाका घरात कोणाचा नव्हता. हे सगळे बघत होते. तरी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की जवळचं इतकं दिसणाऱ्या पोरीला लांबचं का दिसत नाही. मंद म्हणणं सोपं होतं. मी मंद नव्हते. साठ वर्षं होत आली, कोणी ते शब्द मागे घेतले नाहीत, म्हणून मीच इथे लिहून ठेवते.

चष्मा लागला तो पंधराव्या वर्षी, तोही असा. बांधावरून कोणी येत होतं, मला वाटलं आप्पा, मी धावत जाऊन हातातली न्याहारी पुढे केली. तो वीजबिलाचा माणूस होता. घर महिनाभर हसलं. मग आप्पांनीच, नानांना न विचारता, मला गावात नेऊन डोळे तपासून आणले. नंबर फार मोठा निघाला. काचा इतक्या जाड की फ्रेमच्या बाहेर यायच्या. चष्मा लावून घरी आले तेव्हा रामशेजच्या डोंगराला कडे आहेत हे मला पहिल्यांदा दिसलं. आणि आई दिसली. आई विहिरीवरून माझ्याकडे बघून नेहमी हसते, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. ती हसत नव्हती. उन्हाने डोळे बारीक करून, कंबर धरून ती उभी असायची. मी पळत जाऊन तिच्या हातातली कळशी घेतली. ती म्हणाली, "आज काय झालं गं तुला?" मला काही सांगता आलं नाही. मला कधीच काही सांगता यायचं नाही. चार माणसं समोर आली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

मग बघायला येणारे सुरू झाले. पहिल्या पाहुण्यांनी चष्मा बघून चहा अर्धा ठेवला. दुसऱ्यांतल्या एका बाईने माझा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांवर धरला, "बया, चक्कर आली" म्हणाली आणि तो सगळ्या बायकांत फिरवला. तो फिरून परत येईपर्यंत मी समोर बसले होते, मला कोणीच दिसत नव्हतं, फक्त हसणं ऐकू येत होतं. त्या दिवशी नाना आप्पांना म्हणाले, "तू हिच्या नाकावर सोड्याच्या बाटलीची बुडं बसवून आणलीस. आता बस घरात ठेवून." आप्पा खाली बघत राहिले. मला तेव्हा आप्पांचाच जास्त राग आला.

कॉन्टॅक्ट लेन्सची गोष्ट नानांनी बाजारात ऐकली. एका गिऱ्हाइकाच्या मुलीने लावली होती, म्हणे डोळ्यातच काच, बाहेरून ब्रह्मदेवालाही कळत नाही. घोटीचं एक स्थळ सांगून आलेलं होतं, भाताची गिरणी, मुलगा एकुलता. पाहुणे आठ दिवसांनी येणार होते. नानांनी मला सायकलच्या मागे बसवलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण होत्या, केस आखूड, बोलणं सरळ. त्यांनी माझे डोळे तपासले, मग दोन लहान डब्या पुढे ठेवल्या आणि मला, नानांना नाही, मला समजावून सांगू लागल्या. लेन्स दोन जातींच्या. एक कडक. ती लहान असते, बुबुळावर तरंगते, पहिले काही दिवस सारखी खुपते, सवय व्हायला महिना जातो. पण तिच्यातून स्वच्छ दिसतं, ती टिकते आणि बाहेरचं काही आत शोषून घेत नाही. दुसरी मऊ. ती पहिल्या दिवसापासून डोळ्याला कळतसुद्धा नाही, पण ती स्पंजासारखी. धूर, साबण, अत्तर, जे लागेल ते पिऊन बसते आणि डोळ्यात सोडते. तिला रोज उकळायचं, आणि बाटलीतलं खारं पाणी सोडून दुसऱ्या कशातही ठेवायचं नाही.

"दिवसभर काय करतेस, विमल?" त्यांनी विचारलं.

"घरीच असती," नाना म्हणाले.

बाईंनी माझा हात उलटा केला. मनगटापासून कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे. "हे कसले?"

"मांजराचे," नाना म्हणाले. आमच्या घरी मांजर नव्हतं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मळ्यात काम करत असेल, चुलीपुढे बसत असेल, तर मऊ देऊ नये. कडक घ्या, हळूहळू सवय करा. ते जमलं नाही तर चष्म्यात काही वाईट नाही. विमल, तू सांग. तुला काय काय बघायला हवंय?"

हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. मी उत्तर शोधत होते, खरंच शोधत होते. विहिरीवरची आई मनात आली, डोंगर मनात आला, रस्त्यावरची पाटी वाचता यावी असं मनात आलं. पण माझी जीभ हलायच्या आत नाना म्हणाले, "तिला काय बघायचंय, बाई? तिला दाखवायचंय. आठ दिवसांनी पाव्हणे हायेत. महिनाभर खुपत बसायला टाइम कोणाला हाय? ती मऊवाली द्या."

बाई एवढंच म्हणाल्या, "लेन्स बघणाऱ्यासाठी असते, बघायला येणाऱ्यांसाठी नसते." पण दिली. मी वीस वर्षांची होते, माझ्याच डोळ्यांत घालायची वस्तू होती, आणि ती निवडली घोटीच्या पाहुण्यांच्या तारखेने.

पहिले चार दिवस मात्र, खोटं का बोलू, मी हरखून गेले. नाकावर ओझं नाही, घाम आला तरी काही घसरत नाही. आत्याच्या आरशासमोर उभी राहिले. चष्म्याशिवायचा माझा चेहरा मी हातभर अंतरावरून कधी बघितलाच नव्हता. चष्मा काढला की आरशात धुकं आणि लावला की आरशात चष्मा. माझ्या डाव्या भुवईत लहान खोक आहे, डोळे आईसारखे लांब आहेत, हे मला विसाव्या वर्षी कळलं. नानांनी तोवर चष्मा माझ्याकडून काढून घेतला होता. "सवय मोडायला पायजे," म्हणून तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. मी मागितला नाही.

पाहुणे येणार त्या दिवशी सकाळीच घर सारवून झालं, शेवयांची खीर चुलीवर ठेवून झाली. मी न्हाऊन आले आणि लेन्सची डबी उघडली. डावी लेन्स बोटावर घेतली, डोळ्यात घातली, आणि डोळ्यात कोणी निखारा ठेवावा तसं झालं. मी खाली बसले. पापणी मिटेना, उघडेना. लेन्स काढायला गेले तर ती चिकटून बसलेली. कशीबशी निघाली तेव्हा हात ओलाचिंब, आणि हाताला वास आला. आमच्या घराचा वास.

गोदाआत्या धावत आली. माझा डोळा बघून तिने पदर तोंडावर धरला. "मिठाचं पाणी हुतं गं त्यात," ती म्हणाली. "रोज तू पोरगी मीठ घालती डोळ्यात. मला बघवंना. म्हनलं आजच्या दिशी तरी थंड राहू दे. पहिल्या धारेचं घातलंय, चांगलं, गाळून."

रात्रभर दोन्ही लेन्स गुलाबपाणी पीत पडल्या होत्या. या घरात डोळ्यावर दुसरं काही माहीतच नव्हतं. मी तिला काय बोलणार होते? मी बाहेर सांगितलं, माझ्याच हाताला साबण होता, माझीच चूक. आत्या मरेपर्यंत हे कोणाला कळलं नाही. तिच्यावर मी कधी चिडले नाही. ज्याने मला पसंतीच्या बाजारात न्यायला घाई केली, आणि जाताना माझे डोळे स्वतःच्या खिशात ठेवले, त्याच्यावर माझा राग आहे. तो मेला तरी आहे.

मी दारातून म्हटलं, "नाना, चष्मा द्या." माझ्या कानांनाही नीट ऐकू आलं नाही. नाना सदऱ्याच्या खिशावर हात ठेवून म्हणाले, "आता कसला चष्मा? पाव्हणे दारात हायेत. खाली बघून बसायचं, तुला काय लागतंय दिसायला?"

खीर घेऊन गेले ती पावलं मोजत. उंबरा, आठ पावलं, सतरंजी. समोर रंगांचे ढीग बसलेले. मुलाच्या आईने माझी हनुवटी धरली. "डोळा लाल का गं? रडली का?"

"माहेर सुटणार म्हणून," नाना म्हणाले. बायका हळहळल्या. मुलाच्या आईने पिशवीतून रुमालाची गाठ काढली आणि ताटात तांदूळ ओतले. तिची ही रीतच होती म्हणे, गिरणीवाल्यांच्या घरात येणाऱ्या मुलीला तांदूळ निवडायला लावायचे. "खडे मीच टाकलेत. सांग किती निघतात."

यात मात्र मला कोणी हरवणार नव्हतं. उजवा डोळा शाबूत होता, आणि जवळचं मला नेहमीच दिसायचं. ताट मांडीवरून उचलून तोंडाशी धरलं. डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, उजव्याने मी खडे वेचत गेले. आठ निघाले.

"मी सात टाकलेते," ती बाई म्हणाली.

"आठवा तुमच्या गिरणीतला असंल," दाराआडून गोदाआत्या म्हणाली. सगळे हसले. मुलाची आईसुद्धा हसली, खूश झाली. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "आम्हाला पोरगी पसंत हाय. आता तू सांग बाई. मुलगा बघितलास ना? पसंत हाय ना?"

मी मान वर केली. समोर खाटेवर दोन पांढरे सदरे होते. दोन, शेजारी शेजारी. एक मुलगा, एक त्याच्याबरोबर आलेला कोणी. एकाला तोंड होतं तसंच दुसऱ्याला, म्हणजे नव्हतंच. हो म्हटलं असतं तर झालं असतं. एवढा एकच शब्द सगळ्यांना हवा होता. पण त्या शब्दावर माझा सगळा जन्म जायचा होता, आणि तो कोणाबरोबर जायचा हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "यांतला कोणता?"

कोणीतरी खोकललं. मुलाच्या आईचा हात माझ्या पाठीवरून निघाला. तिने माझ्या तोंडासमोर, जरा लांब, हात धरला असावा. "ही बोटं किती?"

"लाजती ती," नाना म्हणाले.

"लाजायला मी काय मुलगा हाय? पोरी, बोटं किती सांग."

माझ्या जन्मात मी चार माणसांसमोर एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. मी म्हटलं, "नानांच्या खिशात माझा चष्मा आहे. तो द्या, मग बोटं पण सांगते आणि मुलगा पण सांगते."

आप्पा उठले. माझे आप्पा, जे नानांच्या पुढे खाटेवर टेकत नसत, ते गेले, नानांच्या खिशात हात घातला आणि चष्मा आणून माझ्या हातात दिला. काचा सदऱ्याच्या टोकाने पुसून दिल्या. मी तो घातला. बोटं तीन होती. दोन सदऱ्यांतला उजवीकडचा मुलगा असावा, कारण तो जमिनीकडे बघत होता, आणि दुसरा तोंडावर रुमाल धरून हसत होता. मी उजवीकडच्याकडे बघत राहिले. त्याने मान वर केली असती तर मी काय म्हटलं असतं कोण जाणे. त्याने केली नाही.

चार दिवसांनी निरोप आला. त्यात चष्म्याचं नाव नव्हतं, फसवणुकीचं नव्हतं. मध्यस्थ म्हणाला, "बाकी सगळं ठीक हाय, पण मुलगी बोलती." नानांनी हे वाक्य पुढे वर्षभर मला जेवताना ऐकवलं. मला. ज्या मुलीला वाण्याकडे अर्धा किलो साखर मागायची तर घाम फुटायचा, तिला.

डावा डोळा पंधरा दिवस बांधून होता. त्यात बारीकसं फूल पडलं, ते अजून आहे, त्या बाजूचं सगळं जरा धुरकट दिसतं. पट्टी काढायला गेलो तेव्हा माझ्याबरोबर आप्पा आले होते. डॉक्टरीणबाईंनी कोणाला दोष दिला नाही. त्यांनी विचारलं, "डोळा बरा झाला की कडक लेन्स करून बघू या का? तू सांग." आप्पा लगेच बाकावरून उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, "मला पहाटे कळ्या खुडायच्या असतात. फवारणी असते. चूल असते. चष्माच बरा." बाई म्हणाल्या, "बरोबर निवडलंस." शाळेत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. पुढे माझं लग्न झालं ते चष्म्यासकट. यजमान मला बघायला आले तेव्हा मी त्यांच्याकडे इतकं टक लावून बघितलं की त्यांनीच मान खाली घातली, हे ते शेवटपर्यंत लोकांना सांगायचे.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आत भिंग बसवायचं, त्यातून एकतर लांबचं स्वच्छ दिसेल नाहीतर जवळचं, काय हवं? माझा मुलगा चांगला आहे, माझी काळजी घेतो. तो पटकन म्हणाला, "जवळचंच करा. आईला वाचायचा नाद आहे. बाहेर तिला कुठं जायचंय?"

मी म्हटलं, "लांबचं. खोलीत कोण आलंय ते त्याने तोंड उघडायच्या आधी मला कळलं पाहिजे. वाचायला मी चष्मा लावीन." डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं.

ऑपरेशनच्या दारापाशी नर्स म्हणाली, "आजी, चष्मा नातेवाइकांकडे द्या." मुलाने हात पुढे केला, "दे आई, खिशात ठेवतो." त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मी नको म्हटलं. नर्सने दोनदा सांगितलं तरी मी ऐकलं नाही. चष्मा मुठीत धरूनच मी आत गेले, आणि बाहेर आणलं तेव्हाही तो माझ्या मुठीतच होता.